फ्रंटिअरचा सदरा कोणी शिवला?

आमच्या महाविद्यालयातील प्राध्यापकांच्या खोलीत दुपारच्या चहाबरोबर जे वाद निघतात, ते बहुधा चहाबरोबरच निवतात. गेल्या महिन्यात मात्र एक वाद असा निघाला की, तो अद्याप आमच्या मनात निवालेला नाही. आणि कागदावर उतरविल्याखेरीज तो निवेल असेही दिसत नाही. निमित्त क्षुल्लक होते. आमची एक जुनी विद्यार्थिनी, इतिहास घेऊन एम. ए. झालेली, लग्नानंतर ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे स्थायिक झाली आहे. तिने आम्हांस एक लांबलचक पत्र आणि त्यासोबत दोन छायाचित्रे पाठविली. एकात १८५० नंतरच्या दशकात तिकडील सोन्याच्या खाणींवर राहणाऱ्या बायका घालीत तसा छिटाचा झगा होता. दुसऱ्यात गुरांचे कळप शेकडो मैल हाकीत नेणाऱ्या ड्रोव्हरचा लांब पावसाळी कोट, स्वार घोड्यावर बसला असता मागे दोहों बाजूंना पसरेल अशा बेताचा. दोन्ही वस्त्रे तिने विकत मिळणाऱ्या कागदी नमुन्यांवरून बेतून स्वतःच्या हाताने शिवली होती. बॅलरॅट येथे सॉव्हरिन हिल नावाचे सोनेखाणींच्या काळचे गाव पुन्हा उभारून १९७० साली लोकांस खुले करण्यात आले. ते पाहिल्यापासून तिला हा नाद लागला. तेथून ती अमेरिकेतील वसाहतवाल्यांच्या कपड्यांकडे वळली आणि आता तिच्या घरात पुस्तकांपेक्षा कागदी नमुन्यांची पाकिटेच अधिक झाली आहेत, असे ती लिहिते.

छायाचित्रे हातोहात फिरली. आमचे एक इतिहासज्ञ मित्र, ज्यांच्या व्यासंगाविषयी आम्हांस नितांत आदर आहे, ती पाहून म्हणाले, "अहो, हिला तुम्ही एम. ए. कशाला केलीत? शिवणाच्या वर्गालाच घालायची होती." आणि मग थोडे गंभीर होऊन त्यांनी पुस्ती जोडली, "हा वेषांतराचा पोरखेळ झाला. इतिहास दफ्तरात असतो, परकरात नसतो." सगळे हसले. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. घरी आल्यावर पत्र दुसऱ्यांदा वाचले, तेव्हा त्या हसण्याची आम्हांस लाज वाटली.

प्रथम आमच्या मित्रांचे जेवढे खरे आहे तेवढे पदरात घेऊ. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे कपडे अंगात घातल्याने त्याचे मन आपल्या मनात शिरत नाही. खिशात भ्रमणध्वनी आणि घरी शीतकपाट असलेल्या माणसाने रविवारी दोन तास मोलस्किनची विजार चढवून मैदानात फिरावे आणि 'आपण पायोनियरांचे जीवन जगलो' असे म्हणावे, यासारखा भाबडेपणा नाही. त्याला खुशाल पोरखेळ म्हणा. परंतु घालणे निराळे आणि बेतणे निराळे. आमच्या मित्रांनी या दोहोंची गल्लत केली. कपडा अंगात घालणारा आरशात स्वतःला पाहतो; बेतणाऱ्याला मात्र कापड पाहावे लागते. त्याचा पन्हा किती, उभार-आडवण कोणते, हा जोड येथेच का, हा चौकोनी तुकडा काखेत कशासाठी, येथे एवढे कापड आत दुमडून कोणासाठी ठेवले, हे प्रश्न त्याला चुकवता येत नाहीत. कारण ते सुटले नाहीत तर बाही बसत नाही. दफ्तरातल्या कागदाला न कळलेले वाक्य सोडून पुढे जाता येते. कापडात ती सोय नाही.

आणि दफ्तराचीच गोष्ट काढायची, तर ज्या विद्वानाने फ्रंटिअरला इतिहासशास्त्रात सिंहासनावर बसविले त्याची गोष्ट काढू. फ्रंटिअर म्हणजे वस्ती आणि रान यांमधली पुढे पुढे सरकणारी सीमा. १८९३ च्या जुलै महिन्यात शिकागो येथे जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने इतिहासज्ञांची सभा भरली होती. तीत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण प्राध्यापकाने आपला प्रसिद्ध निबंध वाचला. अमेरिकन माणूस युरोपातून आला खरा, पण तो घडला या सीमेवर, असा त्याचा सिद्धांत. आता गंमत पाहा. हा सिद्धांत मांडताना टर्नरने दाखला घेतला तो कपड्यांचाच! रान या नवागताच्या अंगावरचे सुधारलेले कपडे उतरविते आणि त्यास शिकाऱ्याचा सदरा व मोकासिन जोडे चढविते, अशा अर्थाचे त्याचे प्रतिपादन आहे. पुढील कित्येक पिढ्यांतील विद्यार्थ्यांनी हे वाचले, परीक्षेत लिहिले आणि गुण मिळविले. परंतु तो सदरा कोणी शिवला, कोठल्या कापडाचा शिवला आणि ते जोडे कोणाच्या हातचे, हे विचारण्याची बुद्धी त्यांपैकी फारच थोड्यांस झाली. ज्या उन्हाळ्यात हा निबंध वाचला गेला त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात, प्रदर्शनाच्या आवाराला लागूनच बफेलो बिल कोडी याचा 'वाइल्ड वेस्ट' तमाशा चालू होता, आणि तेथे झालरींचे चामडी सदरे घातलेले स्वार दररोज हजारो प्रेक्षकांना फ्रंटिअर दाखवीत होते. एकाने निबंध वाचला, दुसऱ्याने खेळ केला. पोशाख दोघांचा एकच.

तर हा शिकाऱ्याचा सदरा, म्हणजे हंटिंग शर्ट, शिवायला घेऊ. चामड्याचे असे सदरे होते, नाही असे नाही. परंतु अठराव्या शतकात ते सर्रास लिननचे, म्हणजे जवसाच्या सुताच्या कापडाचे होत असत. जॉर्ज वॉशिंग्टनने १७७६ च्या जुलैत आपल्या फौजेला ज्या सदऱ्याची शिफारस केली तो हाच. स्वस्त पडतो हे एक कारण, आणि तो घालणारा प्रत्येक जण अचूक नेमबाज असतो अशी शत्रूची समजूत आहे हे दुसरे. (नाटकी पोशाखाचा उपयोग सेनापतींनाही कळत होता, म्हणावयाचे.) याचा बेत पाहिला तर सगळे आयत आणि चौकोन. अंगाचा लांब तुकडा, बाह्यांचे दोन, आणि हात वर उचलता यावा म्हणून काखेत तिरपे बसविलेले दोन लहान चौकोन. वळणदार रेघ जवळजवळ नाहीच. कारण वळणदार रेघेने चिंधी पडते आणि चिंधी पडणे त्या काळी परवडत नसे. आमच्या आजीच्या पिढीतील बायका खणातून चोळी बेतताना जो हिशेब मनात करीत तोच हा हिशेब. आणि हा बेत रानात जन्मलेला नाही. इंग्लंडातील शेतकऱ्यांचे आणि खलाशांचे सदरे याच आयत-चौकोनांचे असत. ज्या झालरीवर साऱ्या तमाशाची भिस्त, ती तर पुष्कळदा लिननच्याच पट्टीची सुते ओढून काढून केलेली असे. म्हणजे रानाने कोणाचे काही उतरविले नाही. नवागत जे घेऊन आला होता तेच पुन्हा बेतून त्याने अंगात घातले.

मोकासिनची गोष्ट याहून बोलकी आहे. हरणाचे कातडे खरवडून, जनावराच्याच मेंदूने मळून, धुरी देऊन मऊ करणे आणि मग त्याचा जोडा शिवणे ही कला त्या भूमीतील मूळ जमातींची, आणि त्यांतही विशेषेकरून त्यांच्या स्त्रियांची. टर्नर ज्याला 'रान' म्हणतो, त्याने ते जोडे दिले नाहीत. ते कोणा तरी बाईने मांडीवर घेऊन शिवले. जो स्वतः एक मोकासिन शिवायला बसतो आणि टाचेजवळचा जोड तिसऱ्यांदा उसवतो, त्याला ही बाई दिसल्यावाचून राहत नाही. निबंध वाचणाऱ्यास ती शंभर वर्षांत दिसली नाही.

आमचे मित्र म्हणतील, हे अठराव्या शतकाचे झाले. खरा पश्चिमेचा वसाहतवाला तो एकोणिसाव्या शतकातला, बैलगाडीतून गेलेला, सर्व काही आपल्या हाताने करणारा. ठीक आहे. मिसूरी नदीकडे चला. ५ सप्टेंबर १८५६ रोजी 'अरेबिया' नावाची आगबोट पाण्याखालच्या झाडाच्या बुंध्यावर आदळून बुडाली. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या नव्या वसाहतींतील दुकानांसाठी तिच्यात सुमारे दोनशे टन माल भरलेला होता. पुढे नदीने पात्र बदलले आणि बोट कॅन्ससमधील एका मक्याच्या शेताखाली पंचेचाळीस फूट खोल गाडली गेली. १९८८-८९ च्या हिवाळ्यात एका कुटुंबाने आणि त्यांच्या स्नेह्यांनी ती उकरून काढली, आणि १९९१ साली त्या वस्तूंचे संग्रहालय कॅन्सस सिटीत उघडले. काय निघाले त्यातून? हजारो बूट-जोडे. टोप्या. तयार शिवलेले लोकरी कोट. बटणे, मणी, सुया, टाचण्या, अंगुस्ताने. फ्रेंच अत्तरे. लोणच्याच्या बाटल्याही निघाल्या आणि उकरणाऱ्यांपैकी एकाने त्यातील फोड चाखून पाहिली असे सांगतात. आम्हां लोणचेप्रिय लोकांना त्याच्या धैर्यापेक्षा लोणच्याचेच अधिक कौतुक वाटेल. असो. मुद्दा हा की, हा माल 'स्वावलंबी' वसाहतवाल्यांकडे चालला होता. ज्याने म्हणे स्वतःच्या हाताने आपले वस्त्र घडविले, त्याला कोट पूर्वेकडून शिवून येत होता आणि जोडे पेटीत भरून येत होते.

पण या बोटीचा खरा धडा पुढे आहे. पाण्यात आणि चिखलात लोकर, रेशीम व चामडे टिकले. कापूस आणि लिनन कुजून नाहीसे झाले. सुती कापडाचे गठ्ठे तर गेलेच, पण लोकरी कोट आणि कातडी जोडे ज्या सुती दोऱ्याने शिवले होते तो दोराही गेला. तुकडे हाती आले, शिवण हाती आली नाही. मग जतन करणाऱ्यांना सुई-दोरा घेऊन ते तुकडे पुन्हा जोडावे लागले: कोणता तुकडा कोठे बसतो, जुन्या छिद्रांतून टाका कसा गेला असेल, हे पाहत पाहत. आता आमच्या इतिहासज्ञ मित्रांस आमचा नम्र प्रश्न आहे. या लोकांनी जे केले त्याला काय म्हणावयाचे? संशोधन म्हणावयाचे असेल, तर मेलबर्नमधल्या आमच्या मुलीने जे केले ते त्याच जातीचे काम आहे. तिच्याजवळ जुने छिद्र नाही, कागदी नमुना आहे, एवढाच भेद. आणि शिवणकाम म्हणावयाचे असेल, तर संग्रहालयाचा तो सारा विभाग शिवणाच्या वर्गात जमा करावा लागेल.

जीनच्या विजारीचे घ्या. फ्रंटिअरच्या माणसाचे हे जणू राष्ट्रीय वस्त्र. ती कोणी निर्माण केली? रिगा शहरात जन्मलेल्या जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने, नेव्हाडातील रेनो गावी. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली आणि नवऱ्यासाठी न फाटणारी विजार शिवून द्या म्हणाली. घोड्यांच्या झुलींसाठी डेव्हिसजवळ तांब्याच्या रिव्हेट पडल्या होत्या. त्या त्याने खिशांच्या कोपऱ्यांत ठोकल्या. कापड सान फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉसकडून आणलेले. दोघांनी मिळून २० मे १८७३ रोजी पेटंट घेतले. पुढे त्यांचे डेनिम आले ते अतिपूर्वेकडील न्यू हँपशायरच्या गिरणीतून. आणि त्या देशातील गिरण्यांना लागणारा कापूस १८६५ पर्यंत मुख्यतः गुलामांच्या हातांनी पिकविला आणि वेचला जात होता. आता या विजारीत 'एकाकी स्वावलंबी वीर' कोठे बसवावयाचा ते टर्नरपंथीयांनी सांगावे. आम्हांस तर तीत एक बाई, एक परदेशी शिंपी, एक व्यापारी, गिरणीतील कामगार आणि शेतातील गुलाम एवढी माणसे दिसतात, आणि तो वीर सर्वांच्या शेवटी, फक्त पाय घालण्यापुरता येतो.

आणि या जाड्याभरड्या निळ्या कापडाला इंग्रजी भाषेत 'डंगरी' हे जे जुने नाव आहे, ते आले कोठून? आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. आम्हां मराठी वाचकांना डोंगरी आठवते ती १८८२ साली टिळक-आगरकरांनी तेथल्या तुरुंगात काढलेल्या एकशे एक दिवसांमुळे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून या वस्तीचे नाव कापडाच्या गाठींवर बसून समुद्रापार गेले होते. छिटाला इंग्रज 'चिंट्झ' म्हणतो, 'कॅलिको' हे कालिकतचे नाव, आणि काऊबॉय गळ्याभोवती जो ठिपक्यांचा रुमाल गुंडाळतो त्या 'बंदाना'त आपले 'बांधणे' आहे. हे आम्ही अभिमानाने सांगत नाही. कापड विणणाऱ्यांची पुढे काय दशा झाली हे ज्याला ठाऊक आहे त्याला अभिमान वाटणार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, ज्या वेशाला 'रानात घडलेला' म्हणतात त्याच्या नावानिशीच त्याची चोरी पकडता येते.

ऑस्ट्रेलियात ही गोष्ट अधिकच उघड आहे. न्यू साउथ वेल्सच्या वसाहतीत प्रारंभीच्या दशकांत हॉक्सबरी नदीकाठी जे गरीब शेतकरी होते, त्यांना लोक 'डंगरी सेटलर' म्हणत. कारण त्यांच्या अंगावर हिंदुस्थानातून आलेले ते निळे कापड असे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आउटबॅकमध्ये, म्हणजे त्या खंडाच्या विरळ वस्तीच्या अंतर्भागात, आणि त्याच्या वाटेवरील शेतवाड्यांवर सुया, दोरे, बटणे, फिती आणि कापड घेऊन कोण जात असे? पंजाब व सिंध येथून गेलेले फेरीवाले, आधी पाठीवर गाठोडे घेऊन आणि मग जमल्यास घोडागाडीतून. १९०१ च्या कायद्याने त्यांच्या नव्या बांधवांना दार बंद झाले. परंतु दूरच्या शेतघरातील बाईच्या शिवणाच्या पेटीत जे होते त्यातील पुष्कळसे या फेरीवाल्याच्या हातचे होते. कागदी नमुन्याच्या पाकिटावर त्याचे चित्र आम्ही अजून पाहिलेले नाही.

आणि त्या बाईला तरी आपण काय समजतो? रानात राहते म्हणून तिला वेशाची फिकीर नाही असे? हेन्री लॉसनची १८९२ साली प्रसिद्ध झालेली 'द ड्रोव्हर्स वाइफ' ही कथा आउटबॅकचे वेदवाक्य समजली जाते. त्या कथेतील बाई काय करते? फॅशनची चित्रे असलेले स्त्रियांचे मासिक पाहून मनाला विरंगुळा देते. आणि दर रविवारी, मैलोगणती माणूस नसलेल्या वाटेवर, मुलांना नीटनेटके करून, स्वतः नटून, बाळाची गाडी ढकलीत फिरायला जाते. नेड केली हा तर दरोडेखोर. १८८० साली ग्लेनरोवन येथे नांगराच्या फाळांच्या पत्र्याचे चिलखत घालून तो पोलिसांशी लढला. ते चिलखत सर्वांना ठाऊक आहे. त्या चिलखताखाली सोनेरी झालरीची हिरवी रेशमी पट्टी होती, लहानपणी एका बुडत्या मुलाला वाचविल्याबद्दल मिळालेली. ती बेनाला येथील संग्रहालयात पाहावयास मिळते. रानाने याचेही रेशीम उतरविले नाही.

येथवर आम्ही शिवणाऱ्यांची बाजू घेतली. आता त्यांच्याशी आमचे जे भांडण आहे तेही सांगितले पाहिजे, नाहीतर आमचे मित्र म्हणतील, विद्यार्थिनीच्या प्रेमाने म्हाताऱ्याची दृष्टी अधू झाली.

पहिली गोष्ट ही की, कागदी नमुना म्हणजे काही भूर्जपत्र नव्हे. वेगवेगळ्या मापांत तयार मिळणारे नमुने विकण्याचा उद्योग मॅसॅच्युसेट्समधील स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली मांडला. त्यापूर्वी मासिकांतून नमुन्यांच्या आकृत्या छापून येत, पण त्या एकाच मापाच्या. घरातल्या बाईने त्या आपल्या अंगावर बसवून घ्यावयाच्या. आणि आरंभीच्या विकतच्या नमुन्यांवरही आजच्यासारखे छापील काही नसे. पातळ कागदाला छिद्रे पाडून खुणा केलेल्या असत. वस्तुतः सीमेवरची बाई पुष्कळदा जुना झगा उसवून त्याचेच तुकडे नव्या कापडावर मांडीत असे. म्हणून "माझा नमुना अस्सल आहे" असे जो अभिमानाने सांगतो, त्याने आधी हे सांगावे की अस्सल बाईजवळ नमुना होता काय. आजच्या काळात एकाच कागदावर दहा मापांच्या रेघा असतात, याबद्दल आमची तक्रार नाही. ती सोय आहे. हाताने शिवावे की यंत्रावर, याबद्दलही आम्ही भांडणार नाही. शिवणयंत्र १८५० नंतर घरोघर पोचू लागलेच होते.

आमची तक्रार पाकिटावरच्या चित्राबद्दल आहे. उघडे माळरान, वारा, क्षितिजाकडे पाहणारी एकटी गोरी स्त्री. पाठीमागे घर नाही, दुकान नाही, शेजारीण नाही. ते चित्र म्हणजे बफेलो बिलचा तमाशाच. फक्त घोडा काढून घेतला आहे. आणि शिवणारे लोक नमुन्यापेक्षा चित्रावर अधिक विश्वास ठेवतात. '१८८० ची काऊबॉयची विजार' म्हणून जी शिवली जाते तिच्या कमरेला पट्टा ओवण्याचे फास असतात; लेव्हीच्या विजारींना ते १९२२ साली लागले, त्यापूर्वी खांद्यावरील पट्ट्यांसाठी बटणे असत. प्रत्येकाच्या डोक्यावर रुंद काठाची स्टेट्सन हवी. त्या काळच्या छायाचित्रांत मात्र साध्या वाटोळ्या बाऊलर टोप्या डोक्यावर घेतलेले लोक खुशाल उभे आहेत. प्रेअरीवरची बाई म्हणजे सैल झगा, आत कोर्सेट नाही, असा समज. आणि १८५० च्या सुमाराच्या पोलक्याचा बेत खरोखर मांडून पाहिला, तर आत कोर्सेट असल्यावाचून तो अंगावर बसतच नाही. सगळेच नमुने असे आंधळे नसतात हेही खरे. १९७५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या फोकवेअरसारख्या संस्थेने नमुन्याबरोबर त्या वस्त्राची हकीकत देण्याचा प्रघात पाडला. ड्रोव्हरच्या कोटाचा नमुनाही तिच्या यादीत आहे. पण हकीकत वाचतो कोण? पाकीट फाडले की कागद टेबलावर आणि हकीकत केराच्या टोपलीत.

आमच्या विद्यार्थिनीने ती टोपलीत टाकली नाही, हेच तिचे वैशिष्ट्य. तिच्या पत्रातील एक भाग आम्हांस फार आवडला. लहान मुलींच्या त्या काळच्या झग्याला खालच्या बाजूस दोन-तीन आडव्या चुण्या घातलेल्या असतात. तिला प्रथम वाटले, शोभेसाठी. शिवता शिवता ध्यानात आले की मुलगी वाढली की एक चुणी उसवायची आणि झगा चार बोटे खाली सोडायचा. ती लिहिते, "सर, आई माझे परकर वाढत्या अंगाचे शिवायची, ते एकदम आठवले." ज्या इतिहासग्रंथात वाढत्या मुलीचा आणि कापडाच्या भावाचा असा एकत्र हिशेब आहे, तो आमच्या मित्रांनी आम्हांस दाखवावा, आम्ही तो पदरमोड करून विकत घेऊ.

परंतु सर्वांत मोठे भांडण अजून राहिलेच आहे. हे सारे नमुने कोणाच्या फ्रंटिअरचे आहेत? काऊबॉयांपैकी चारांत एक काळा होता, असा अंदाज अभ्यासक सांगतात. काऊबॉयचे चामडी पायघोळ 'चॅप्स' हे मेक्सिकन स्वारांच्या 'चापारेरास'चे लहान केलेले नाव. ऑस्ट्रेलियात गुरांच्या मोठमोठ्या मळ्यांवर मोलस्किन आणि रुंद टोपी घालून ज्यांनी पिढ्यान् पिढ्या घोडे फेकले त्यांत तेथील मूळ रहिवासी कितीतरी होते. आणि त्यांना मजुरी म्हणून पुष्कळदा पीठ, साखर आणि हाच कपडा मिळे. १९६६ साली व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या पुढारीपणाखाली गुरिंजी लोक वेव्ह हिलचा मळा सोडून निघाले ते याच स्थितीला विटून. ज्या शिवणाऱ्याला या लोकांची आठवण होत नाही, त्याने शिवलेला कोट टाक्याटाक्याने बरोबर असूनही खोटा आहे.

आणि ज्यांच्यासाठी बाजारात पाकीटच नाही त्यांनी काय केले ते ऐका. आग्नेय ऑस्ट्रेलियातील मूळ जमाती पॉसम नावाच्या प्राण्याची कातडी एकमेकींना जोडून मोठी पांघरुणे करीत. हाडाच्या अणकुचीने भोक पाडावयाचे आणि कांगारूच्या शेपटीच्या तातेने शिवावयाचे. आतल्या बाजूस आपल्या भूमीच्या आणि कुळाच्या खुणा कोरलेल्या असत. मूल जन्मले की त्यात गुंडाळीत, माणूस मेला की त्यातच पुरीत. पुढे सरकारी घोंगड्या आल्या आणि ही कला जवळजवळ लोपली. मेलबर्नच्या संग्रहालयात अशी दोन जुनी पांघरुणे राहिली, एक १८५३ चे आणि एक १८७२ चे. १९९९ च्या सुमारास त्याच जमातींतील विकी कूझन्स, डेब्रा कूझन्स, ली डॅरक आणि ट्रीना हॅम या कलावंत स्त्रियांनी ती पाहिली, आणि त्यांवरून नवी शिवावयास घेतली. ऑस्ट्रेलियात पॉसमला कायद्याने संरक्षण आहे, म्हणून कातडी न्यूझीलंडहून आणावी लागली. तेथे तोच प्राणी उपद्रवी ठरला आहे. २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल क्रीडामहोत्सवाच्या उद्घाटनाला त्या जमातींचे वडीलधारे आपापली नवी पांघरुणे अंगावर घेऊन उभे राहिले. त्यांच्याजवळ कागद नव्हता, माप नव्हते, चित्र तर नव्हतेच. एक जुने वस्त्र होते, आणि ते वाचणारे हात होते. आमच्या मित्रांच्या न्यायाने हाही वेषांतराचा पोरखेळ ठरतो. हे वाक्य त्यांनी त्या वडीलधाऱ्यांसमोर उच्चारून दाखवावे. उलट, हौशी शिवणाऱ्यांनीही एक समजून घ्यावे की, हे पांघरूण काय किंवा अमेरिकेतील जमातींची समारंभाची मणीकाम केलेली वस्त्रे काय, ही नमुना काढून विकण्याच्या जातीची नाहीत. ज्यांच्या कुळाच्या खुणा त्यांवर आहेत, ती त्यांनीच शिवावी.

आमच्या विद्यार्थिनीला हे सर्व आम्ही कळविले आहे. ड्रोव्हरच्या कोटाचे छायाचित्र पाहून आम्ही तिला विचारले होते की, खांद्यावरची ती दुहेरी झूल शोभेची की कामाची. तिचे उत्तर आले: पाऊस शिवणीतून आत शिरतो, कापडातून नव्हे, खांद्याची शिवण झाकली जावी म्हणून ती झूल, आणि हे तिला पहिला कोट बिनझुलीचा शिवून पावसात भिजल्यावर कळले.

आमच्या इतिहासज्ञ मित्रांना या मासिकाचा हा अंक आम्ही स्वतः नेऊन देणार आहोत. त्यांनी उत्तर लिहावे. संपादक ते छापतील अशी आमची खात्री आहे. मात्र लेखणी उचलण्यापूर्वी त्यांनी आपल्या एका जुन्या कोटाची डावी बाही उसवून ती परत बसवून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे. अंगुस्तान आमच्या घरी आहे, ते आम्ही देऊ.